दारातून पाणी येईना?

ऐन इफ्तारच्या वेळी आमच्या नेरूळच्या घरी फ्रिजच्या दारातून पाणी येईना. मेकॅनिक आला, एक बटण दाबले आणि फेरीचे पैसे घेऊन गेला. धाकट्याने चाइल्ड लॉक लावले होते!

भगिनींनो, आधी लॉक पाहा. मग फ्रिजमागचा नळ उघडा आहे ना, तो पाहा. आत टाकी असेल तर ती भरा. धार बारीक झाली तर फिल्टर बदला. साधारण ६ महिन्यांनी तो बदलावाच लागतो. बर्फ होत नसेल तर फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. बर्फाचे खडे एकमेकांना चिकटले असतील तर डबा धुऊन कोरडा करा. दारातली नळी गोठली असेल तर फ्रिज बंद करून काही तास दार उघडे ठेवा. सुरी मात्र खुपसू नका. नळी फुटली तर खर्च मोठा.