दुखत नाही म्हणून...

इंदूर म्हटले की आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला होळकर आठवतात. आणि तो खवय्या असेल तर पोहे, जिलबी, शेव आणि रात्रीचा सराफा आठवतो. त्या शहराच्या पश्चिम अंगाला अन्नपूर्णेचे मंदिर आहे आणि आसपासची वस्ती त्याच नावाने ओळखली जाते. अन्न देणाऱ्या देवतेचे नाव घेऊन नांदणारी ती वस्ती काय किंवा आपले गाव काय, जेवण आटोपले की कित्येकांचा हात आपोआप सुपारीच्या पुडीकडे नाही तर तंबाखूच्या चंचीकडे वळतो. ज्या तोंडाने अन्न घ्यायचे, त्याच तोंडात आपण रोग मुरत ठेवतो.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. सतत सुपारी चघळल्याने गालांच्या आतले मऊ अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. पोह्यांवरची शेवसुद्धा झोंबू लागते. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच या विकाराचे वर्णन केले होते. याच्याच पुढची पायरी पुष्कळदा कर्करोगाची असते. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे.

कायद्याने काय साधले? अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांखाली गुटख्यावर बंदी घालणारे पहिले राज्य मध्य प्रदेश. ही बंदी १ एप्रिल २०१२ पासून अमलात आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने आणि २०१३ मध्ये कर्नाटकाने तोच मार्ग धरला. पण व्यापार हुशार असतो. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या विकल्या जाऊ लागल्या. मिसळण्याचे काम तेवढे गिऱ्हाइकाकडे आले. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे. तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्याच कॉलेजच्या फाटकाबाहेर पाहावे.

बंदी हवीच. पण केवळ बंदीवर आणि पुडीवरच्या भीतिदायक चित्रावर विसंबून आपण एक सोपी गोष्ट विसरलो आहोत, असे माझे मत आहे. पोटातला रोग डोळ्यांना दिसत नाही. तोंडातला दिसतो. उजेड आणि जाणते डोळे एवढे असले की बहुतेक वेळा संशय येण्यापुरते भागते. केरळात १९९६ पासून सुमारे दोन लाख लोकांवर झालेल्या अभ्यासाने हेच दाखविले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठराविक वर्षांनी नुसते तोंड पाहिले, तरी तंबाखू-दारूची सवय असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

मग आपण दंतवैद्याकडे का जात नाही? कारण दाढ ठणकल्याशिवाय त्या खुर्चीत बसायचे नसते, अशी आपली समजूत. आणि घात होतो तो इथेच, कारण हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, दोन आठवडे उलटूनही एखादा व्रण भरत नाही, तीन बोटे उभी धरली तर तोंडात मावत नाहीत, मानेत गाठ लागते. "दुखत तर नाही ना!" म्हणून माणूस महिनेच्या महिने काढतो. दुखू लागेपर्यंत रोग जबड्यात किंवा मानेत उतरलेला असतो.

तासगावच्या अंजनी गावातून वर आलेले आर. आर. पाटील महाराष्ट्राचे गृहमंत्री झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, अवघ्या ५७ व्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. शरद पवारांवर याच रोगासाठी २००४ साली शस्त्रक्रिया झाली. ते वाचले आणि आपल्या सवयीविषयी जाहीरपणे बोलले. ज्यांच्या हाताशी मोठमोठे डॉक्टर होते, त्यांची ही कथा. मग कॉलेजच्या शिपायाचे आणि बसच्या ड्रायव्हरचे काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. कॉलेजात वैद्यकीय तपासणी होते तेव्हा उंची, वजन, डोळे यांच्याबरोबर तोंडही तपासले जावे, आणि ते दरवर्षी. इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तशी आपल्याकडे बेळगाव-धारवाडलाही दंत महाविद्यालये आहेत. शिकणाऱ्या भावी दंतवैद्यांना अनुभव हवा असतो, आपल्याला तपासणी हवी. विनंतीचे एक पत्र पाठवायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, मुले सवय लपवतील. लपवतीलच, जर निष्कर्ष प्राचार्यांकडे किंवा घरी जाणार असेल तर. तो फक्त ज्याचा त्याला कळावा. शिक्षेची भीती असेल तिथे कोणी तोंड उघडणार नाही. शिवाय प्राध्यापकांनी आणि कर्मचाऱ्यांनी रांगेत आधी उभे राहावे. वयाने आणि सवयीच्या वर्षांनी धोका त्यांनाच जास्त, आणि सर पुढे बसलेले पाहिले की विद्यार्थ्यांचा संकोचही जाईल.

शिबिर भरेल तेव्हा भरो. तोवर आरसा आणि बॅटरी घेऊन प्रत्येकाने गाल, जीभ आणि जिभेखालची जागा महिन्यातून एकदा पाहावी. काही वेगळे दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवावे. आणि पुडी आजच टाकून द्यावी, हे काय वेगळे सांगायला हवे?