सलाईन नको, रिपोर्ट हवा!

तालुक्याच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात एक दृश्य ठरलेलं असतं. बाजाराची पिशवी खाटेखाली, हाताला सलाईन आणि बाई डोळे मिटून पडलेली. काय होतंय म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही हो, विकनेस आहे." बाटली संपली की तीन-चारशे रुपये देऊन बाई उठते, पिशवी उचलते आणि घरी जाऊन भाकरी थापायला बसते. चार दिवस बरं वाटतं. मग पुन्हा अंग मोडून येतं, पुन्हा पुढचा बाजार!

मैत्रिणींनो, त्या बाटलीत असतं तरी काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. बाकी सगळं पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर हीच बाटली जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण महिनोन्‌महिने चाललेल्या थकव्यावर तिचा उपयोग लिंबू-सरबताहून जास्त नाही. बरं वाटतं ते बहुधा तासभर कुणी हाक न मारता आडवं पडायला मिळतं म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाने दमलेली बाई रात्री नीट झोपली की सकाळी ताजी होते. पण सकाळी अंथरुणातून उठतानाच जिला दमल्यासारखं वाटतं, एक जिना चढून जिच्या छातीत धडधडतं, तिचं दमणं वेगळं. आणि त्याच्या जोडीला डोकं! गॅसवर दूध ठेवलंय हे विसरणं, भाजीत दोनदा मीठ पडणं, बोलता बोलता साधा शब्द न सुचणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं. यावर घरात विनोद होतात. "आईचं आता वय झालं." पस्तिशीच्या बाईचं कसलं आलंय वय?

आमच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारी एक बाई आहे. बारावी शिकलेली, आकडे तोंडपाठ. मध्यंतरी तिच्या हिशेबात चुका व्हायला लागल्या. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर, बेरीज तीनदा केली तर तीन उत्तरं. बायकाच त्या, कुजबुज सुरू झाली. कुणी तरी पैशात हात असल्याचंही बोललं. बिचारीने वही आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मला जमत नाही आता, दुसरी बघा." सहज बोलताना कळलं, की पायांना सतत मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, पाळी आठ-आठ दिवस जाते. आग्रहाने रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि बी-१२ अगदी तळाला. इंजेक्शनं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, पाळीचाही इलाज झाला. तीन-चार महिन्यांनी वही पुन्हा तिच्याकडे गेली. पण मधल्या काळात तिच्या नावाला जो डाग लागला, तो कोणत्या गोळीने जायचा?

अशी ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे घरात मोबाइल आले, मिक्सर आले आणि बाईच्या अंगातलं रक्त मात्र कमी झालं! बी-१२चंही तेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. त्यात दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी सापडलं. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आता सांगा, घरातलं दूध कुणाच्या पेल्यात जातं? मटण शिजलं तर आईच्या ताटात फोडी किती आणि रस्सा किती? त्यात गुरुवार, चतुर्थी, श्रावण आहेतच. श्रद्धेला माझी ना नाही, पण रिकाम्या पोटी चहावर दिवस काढणाऱ्या बाईने निदान रक्त तरी तपासून घ्यावं. आणि तो चहा जेवणाबरोबर तर नकोच, अन्नातलं लोह तो अंगी लागू देत नाही.

मग तपासायचं काय? पेपरात जाहिराती असतात, अमुक रुपयांत सत्तर तपासण्या. त्यांच्या मागे लागू नका. आधी डॉक्टरांना सगळं सांगा आणि विचारा, की सीबीसी, थायरॉईडची टीएसएच, बी-१२ आणि साखर एवढं बघू या का? गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर ते कमीच. "बायकांचं एवढंच असतं" हे वाक्य ऐकून परत येऊ नका. कमी आहे म्हटल्यावर ते का कमी आहे, हेही विचारायचं. चाळिशीत पाळीतून फार रक्त जात असेल, गर्भाशयात गाठ असेल, तर नुसत्या गोळ्या म्हणजे फुटक्या माठात पाणी. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही बी-१२ उतरतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचं थायरॉईड बिघडतं. ती थकते, केस गळतात, चिडते आणि सगळे म्हणतात, "पोर रात्री झोपू देत नसेल."

खरी अडचण दवाखान्यातच येते. बरोबर नवरा किंवा सासूबाई असतात आणि आजार सांगतात तेच. पुरुष डॉक्टरांपुढे पाळीचं कसं बोलायचं, म्हणून बाई गप्प. यावर माझा साधा उपाय, कागदावर लिहून न्या. थकवा कधीपासून, पाळी किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. बोलायला जमलं नाही तर कागद पुढे करा.

पैशांचंही बोलू. पोराच्या क्लासची फी भरताना कुणी विचार करत नाही, नवऱ्याला ठसका लागला की एक्स-रे निघतो. तिच्या रक्ताच्या तपासणीला मात्र "पुढच्या महिन्यात बघू". हे पुढे ढकलणारी बहुतेक वेळा ती स्वतःच असते, हे जास्त वाईट! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. २०२२च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीमही सरकारने काढली होती. हेतू चांगला, पण ऐन नवरात्रात, नऊ दिवसांचा उपास आणि घरात घट बसलेला असताना बाईला तपासणीला बोलवायचं, ही कल्पना नक्की कुणा पुरुषाचीच असणार!

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? तर बाई नाटक करते असं ठरवून मोकळं होऊ नये. झोपेची खोबरं, मनावरचं ओझं, नैराश्य, यांनीही असाच थकवा येतो आणि डोकं असंच बधिर होतं. ते काही रक्तात दिसत नाही, पण त्यालाही औषध आहे. बाळंतिणीच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

औषध सुरू झालं की ते टिकवणं हे वेगळंच काम. लोहाच्या गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून घाबरून बायका ती सोडतात. काळं होणं हे त्या गोळीमुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फारच मळमळलं तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. हिमोग्लोबिन बारावर गेलं म्हणून लगेच बंद करू नका, अंगातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. थायरॉईडची गोळी निघाली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आणि दोन्ही गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह त्या दुसऱ्या गोळीचा परिणामच होऊ देत नाही. आधीची थायरॉईडची, मग दुपारच्या जेवणाच्या आधी लोहाची, असं जमतं. फक्त दुपारचं जेवण वेळेवर व्हायला हवं, सगळ्यांचं आटोपल्यावर तीन वाजता नव्हे.