स्वाध्याय स्वतःच लिहा

ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने घ्यावी का, असे तालुक्याच्या गावांतील ग्रंथपाल आणि सहायक आम्हाला वारंवार विचारतात. जरूर घ्यावी, असेच आमचे उत्तर आहे. मात्र ती कशी घेतली जाते, याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

या पदवीला ‘बाहेरून केलेली’ म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोलाची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. १९८५ साली इग्नू आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ते नोकरी-संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठीच. सकाळ-संध्याकाळ ग्रंथालय उघडणारे आपले सहकारी त्यांतलेच. अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची चालू मान्यता आहे ना, एवढे प्रवेशाआधी पाहून घ्यावे.

खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. अभ्यासकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, संपर्कसत्रे मोजकी आणि तिथे पोहोचायचे तर सुट्टीचा अर्धा दिवस एसटीत जातो. मग स्वाध्यायांची मुदत जवळ आली, की बाजारातली तयार उत्तरे आणून उतरवून काढली जातात. इग्नूच्या या पदवीत स्वाध्यायांना ३० टक्के भारांश आहे आणि ते गुण उतरवूनही पदरात पडतात. पण दूरशिक्षणात रोजचा वर्ग नसतो. विद्यार्थी पेन घेऊन विचार करायला बसतो, तो स्वाध्यायाच्याच निमित्ताने. तोही उसना आणला, तर पदवी हाती येते आणि शिकायचे राहून जाते.

शिवाय आपल्यासारखी सोय नियमित वर्गातल्या विद्यार्थ्यालाही नसते. ज्ञानेश्वरीचेच पाहा. ड्यूई दशांश वर्गीकरणात ती गीतेवरील टीका म्हणून २९४.५९२४ खाली ठेवायची, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ खाली? तयार उत्तरात एक क्रमांक सापडेल. पण पारायणासाठी प्रत मागणारे आजोबा कोणत्या कपाटाकडे वळतात आणि एम. ए. मराठीची विद्यार्थिनी कोणत्या, हे देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्यालाच ठाऊक असते. एक जागा ठरवणे, तिची कारणे लिहिणे आणि दुसऱ्या वाचकाची वाट चुकू नये म्हणून तालिकेत जादा नोंद करणे, हा खरा स्वाध्याय.

तीच गोष्ट संगणकीकरणाची. दाखल नोंदवही कोहा किंवा ई-ग्रंथालयात चढवताना ‘वि. स. खांडेकर’, ‘खांडेकर वि. स.’ आणि ‘विष्णु सखाराम खांडेकर’ असे तीन लेखक तयार होतात आणि शोध घेणाऱ्या वाचकाला निम्मी पुस्तके दिसतच नाहीत. लेखकाच्या नावाचे एकच प्रमाण रूप का ठरवायचे, हा पाठ्यपुस्तकातला धडा इथे एका दुपारच्या कामात उमगतो. ते काम करून मग उत्तर लिहावे. वाचनसाहित्याची अडचणही आता फारशी नाही. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर विनामूल्य वाचता येते.

मात्र सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना आमचे आवर्जून सांगणे आहे : तुटपुंज्या वेतनावर काम करणारा माणूस स्वतःच्या खिशातून शुल्क भरून शिकतो, त्याचा लाभ तुमच्याच संस्थेला होतो. त्याला आठवड्यातली एक दुपार अभ्यासासाठी मोकळी द्या, परीक्षेच्या दिवसांत भरपगारी रजा द्या, संपर्कसत्राचे एसटीभाडे संस्थेच्या खर्चात घाला. वरिष्ठ ग्रंथपालांनीही आपल्या तालुक्यातल्या एका तरी विद्यार्थ्याचा कच्चा स्वाध्याय वाचावा, चुका दाखवाव्यात, पण उत्तर सांगू नये.

नव्या सत्राचे अर्ज भरणाऱ्यांनी पुस्तके येताच पहिला स्वाध्याय आपल्याच ग्रंथालयातल्या एखाद्या अडलेल्या कामावर बेतावा. परीक्षेला त्याचा उपयोग होईलच. ते अडलेले कामही त्या निमित्ताने मार्गी लागेल.