परवलीचा शब्द आणि वारसा

नॉर्वेच्या पश्चिम भागात ईवार आसेन (१८१३–१८९६) या भाषाभ्यासकाच्या नावाचे एक केंद्र आहे. आसेनने खेडोपाडी हिंडून बोली गोळा केल्या आणि त्यांतून एक लेखनभाषा उभी केली. आजची नीनोर्स्क ती हीच. या केंद्राकडे राइदार यूपेदाल या भाषाशास्त्रज्ञाचा सुमारे ११,००० शीर्षकांचा ग्रंथसंग्रह आला. त्याची संगणकीय सूची तयार होती, परंतु ती कुलूपबंद होती आणि ती करणारी व्यक्ती परवलीचा शब्द कोणालाही न सांगता वारली होती. अखेर २००२ मध्ये केंद्राने जगभरच्या संगणकतज्ज्ञांना जाहीर साकडे घातले. शब्द सापडला. यूपेदाल यांचे आडनाव, रोमन अक्षरांत, उलट्या क्रमाने लिहिलेले!

या गोष्टीचा शेवट गोड झाला याचे कारण कुलूप जुने आणि शब्द भाबडा होता. आज तसे घडेल असे मानण्याचे कारण नाही. पत्रपेटीचा संकेतशब्द विसरला तर नवा मिळतो, कारण पलीकडे आपली ओळख पटवून घेणारे कोणीतरी असते. कूटबद्ध केलेल्या धारिकेच्या पलीकडे कोणीही नसते. तेथे शब्द कोठे साठवलेला नसतो. त्या शब्दापासूनच किल्ली घडते. एईएस पद्धतीच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायच्या तर ७८ आकडी संख्या लिहावी लागेल. मराठीतला 'परवलीचा शब्द' मूळचा छावणीच्या पहाऱ्यावरचा. शब्द विसरणाऱ्या शिपायाला पहारेकरी निदान चेहऱ्यावरून तरी ओळखू शके.

वृत्तपत्रे अशा प्रसंगी बुडालेल्या बिटकॉइनच्या किमती छापतात. आमची चिंता वेगळी आहे. आमच्या पिढीतील अध्यापकांची टिपणे, मुलाखतींची लिप्यंतरे, कवींचे कच्चे खर्डे आता संगणकावर आहेत, आणि त्यांपैकी कित्येक कुलपात आहेत. कागदाच्या वारशाला वाळवी लागते, पण वाळवीही काही ओळी ठेवते. राजवाड्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली (पहिला खंड १८९८) ती अशा उरल्यासुरल्या कागदांच्या बळावर. मोडी वाचता येत नसेल तर शिकता येते. जुन्या फॉण्टांत टंकलेला मजकूर युनिकोडच्या काळात अगम्य ठरला, तरी परिवर्तक वापरून तो परत मिळवता येतो. (त्यात जोडाक्षरांची जी दैना होते ती वेगळी.) कूटबद्ध धारिका मात्र मुळात वाचता येऊ नये म्हणूनच रचलेली असते. तिच्यातून अर्धी ओळसुद्धा गळत नाही.

यावर कोणी म्हणेल, लेखकाला लपवण्याचा हक्क नाही का? अवश्य आहे. काफ्काने हस्तलिखिते जाळावीत अशी इच्छा मित्राला कळवून ठेवली होती. मॅक्स ब्रोडने ती मोडली आणि काफ्काच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९२५ मध्ये, 'द ट्रायल' प्रसिद्ध झाली. ब्रोडने योग्य केले की अयोग्य, यावर वर्गात तास रंगतो, कारण तेथे दोन माणसांचे दोन निर्णय आहेत. हरवलेल्या परवलीच्या शब्दात कोणाचाच निर्णय नसतो. ज्याला काहीही जाळायचे नव्हते त्याचेही सारे जळून जाते, आणि ब्रोडला करण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून आमचे मत असे की लेखनाला कुलूप लावणाऱ्याने किल्लीचा वारसदार त्याच दिवशी ठरवावा. शब्द कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, मृत्युपत्रासोबत ठेवावा. संगणकतज्ज्ञांना कागद हा उपाय मागासलेला वाटेल, वाटो. ज्याला खरोखर काही नष्ट करायचे आहे त्यानेही तसे स्पष्ट लिहावे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी एखाद्या अभ्यासकाचा संग्रह स्वीकारताना पुस्तकांबरोबर संगणकाची चौकशी करावी, आणि ती कुटुंबीयांकडे नव्हे तर अभ्यासक हयात असतानाच त्याच्याकडे करावी.

ज्यांच्या घरी दिवंगत प्राध्यापकांच्या सीड्या पडून आहेत त्यांनी मात्र लगेच निराश होऊ नये. २००७ पूर्वीच्या वर्डमधील नेहमीचे कुलूप ४० बिटांचे, म्हणजे कच्चे होते. जाणकाराकडून ते आजही उघडून घेता येते. सीडीच खराब होण्याआधी हे व्हावे, एवढेच.