सुरतेच्या मराठी मुलांना दहावीनंतर लागणारी सीमा

नवापूर रेल्वे स्टेशनच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत आहे. तिथे घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात आणि कोणाचे काही अडत नाही. याच मार्गाने खानदेशातील माणूस वर्षानुवर्षे पोटापाण्यासाठी सुरतेला जात आला आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली ही नावे आमच्या खेड्यांत तालुक्याच्या गावाइतकीच ओळखीची आहेत. या माणसाला मजुरी करताना सीमा आडवी आली नाही. ती आडवी येते त्याच्या मुलांना, आणि तीही दहावी झाल्यावर. सीमाभागाच्या भाषावादात हा प्रश्न कोणी काढत नाही, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. गुजरातने मराठीला दार बंद केले, असे म्हणता येणार नाही. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीमार्फत गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया अशा माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालतात. गुजरात बोर्डाची दहावीही मराठीतून देता येते. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सक्तीचा झाला. ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा शिकण्यात आम्हांला काही गैर दिसत नाही. राजकारणातही मराठी माणूस मागे नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २०२० मध्ये गुजरात भाजपचे अध्यक्ष आणि २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. लिंबायतने २०१२ पासून सलग तीन वेळा संगीता पाटील यांना विधानसभेवर पाठवले. मतपेटीपर्यंत मराठी माणूस पोहोचला. त्याचा मुलगा मात्र कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचताना दमतो.

असे का होते? लूमवर वा डाइंग मिलमध्ये राबणाऱ्याचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो आणि गल्लीत गुजराती-हिंदीवर भागवतो. दहावीनंतर मराठी माध्यमाची वाट अरुंद होते आणि विज्ञान शाखेत तर ती जवळजवळ संपते. वीर नर्मद विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकवणे चालते ते गुजराती वा इंग्रजीतून. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी असलेली गुजरातची ‘गुजसेट’ परीक्षा गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या तीनच भाषांत होते. देशपातळीवरील जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते आणि ‘नीट’ही मराठीत देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. ज्या महापालिकेच्या मराठी शाळेत मुलगा बाराखडी शिकला, तिचेच वैद्यकीय महाविद्यालय त्याच शहरात आहे. मधला पूल मात्र कोणी बांधलेला नाही.

पैसेवाल्याला हा पूल लागत नाही. तो पहिलीपासूनच इंग्रजी शाळा गाठतो किंवा शिकवणी लावतो. गरिबाच्या घरी हिशेब वेगळा असतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कामाला लागला तर महिन्याला रोकड येते. कॉलेजात गेला तर फी जाते आणि येणारी मजुरीही बुडते. त्यातून अकरावीत भाषाच कळेना झाली की बाप म्हणतो, “चल, मार्केटात शेठकडे लावून देतो.” मुलगा नापास झाला असे कोणी म्हणत नाही. तो नुसता गळतो.

काही पालक मग मुलाला अकरावीसाठी गावाकडे पाठवतात. इथे खरी फसगत होते. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दहावी सुरतेत आणि बारावी नंदुरबारला, असा मुलगा ना इकडचा ना तिकडचा. जातीच्या दाखल्याचेही तसेच. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निर्णय दिला की, राज्य बदलल्यावर मूळ राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा नव्या राज्याच्या राखीव जागांसाठी चालत नाही. म्हणजे धुळ्याचा दाखला सुरतेतील राज्याच्या कॉलेजात उपयोगी पडत नाही.

मात्र सगळीच दारे बंद नाहीत, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. सुरतेची सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था केंद्राची आहे. तिथे निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कुठून केली यावरून. केंद्रीय संस्था असल्याने मूळ राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दाखलाही तिथे चालतो. २०१५ पासून सुरू असलेल्या गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत ६ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातील, ८० पर्सेंटाइल मिळवणाऱ्या मुलांना फीची मदत मिळते. मुलगा गुजरातेत शिकलेला असावा लागतो. तो मराठी माध्यमाचा आहे म्हणून अडवले जात नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. गुजरात सरकारने गुजसेटची प्रश्नपत्रिका मराठीतही काढावी. आठवी-नववीपासूनच मराठी शाळांत विज्ञान-गणिताच्या इंग्रजी आणि गुजराती संज्ञा शिकवाव्यात, म्हणजे अकरावीत मुलगा बिचकणार नाही. महाराष्ट्राने मराठीचा अभिमान भाषणांतून मिरवण्याऐवजी, परराज्यात मराठीतून दहावी झालेल्या मुलाला वैद्यकीय प्रवेशात आपला मानावे. आणि ज्यांचे भाऊबंद सुरतेत आहेत, अशा आमच्या वाचकांनी एक काम आजच करावे. मुलगा नववीत असतानाच त्यांना निरोप धाडावा : पुढचे शिक्षण कोणत्या राज्यात करायचे ते आता ठरवा आणि दाखले त्याप्रमाणे काढून ठेवा. निकाल लागल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.