बिचाऱ्या हवामानावर किती ढकलाल?

"खराब हवामानामुळे" हा आपल्या विमानतळांवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा शब्द आहे. तो एकदा माईकवरून उच्चारला की सगळे गप्प. आभाळाशी कोण भांडणार? शेतकऱ्याच्या नातवंडांना तर जन्मजात माहीत असतं की पावसापुढे इलाज नाही. नेमका आपल्या या समजूतदारपणाचा फायदा घेतला जातोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. वैमानिकाने वादळात विमान घालावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो "नाही उतरत" म्हणाला तर त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबईचा विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिला. त्याबद्दल कोणी कंपनीला जाब विचारला असता तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. ते हवामान होतं. खरंखुरं.

पण दिल्लीचं धुकं? अहो, ते दर वर्षी येतं! डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, मध्यरात्रीनंतर दाटत जातं आणि सकाळी नऊ-दहापर्यंत बसून राहतं. आपल्या पुण्याच्या आयआयटीएमने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावरच यंत्रं लावून या धुक्याचा अभ्यास चालवलाय. हवामान खातं आदल्या दिवशी इशारा देतं. जी गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवता येते तिला 'अनपेक्षित' म्हणायचं म्हणजे दिवाळी अचानक आली म्हणून फराळ झाला नाही असं सांगण्यासारखं आहे.

बरं, धुक्यात उतरायची सोय नाही असंही नाही. कॅट-३ नावाची व्यवस्था आहे. धावपट्टीवर ती यंत्रणा हवी, विमानात उपकरणं हवीत आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षण झालेलं हवं. तिन्ही जमलं तर धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असतानाही विमान उतरू शकतं (उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर लागतात). आता डिसेंबर २०२३ ची गोष्ट बघा. दाट धुक्यात दिल्लीची अनेक विमानं दुसरीकडे वळवावी लागली. चौकशीत निघालं काय, तर कॅट-३ चं प्रशिक्षण नसलेले वैमानिक त्या वेळच्या उड्डाणांवर लावले होते! डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये दोन कंपन्यांना प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. त्याच महिन्यात दिल्लीत कॅट-३ ची एकच धावपट्टी चालू होती, कारण दुसरी दुरुस्तीला काढलेली. तीही ऐन धुक्यात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

त्या जानेवारीत काय काय झालं आठवतंय ना? एका प्रवाशाने उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर हात उचलला. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवलं गेलं आणि लोक विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. हात उचलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, तो गुन्हाच. काउंटरवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला शिव्या घालणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. वेळापत्रक त्यांनी बनवलेलं नसतं, माहिती त्यांना आपल्या इतकीच असते. ज्यांनी बनवलेलं असतं ते तिथे कधीच उभे नसतात.

आणि खरी गंमत वेळापत्रकातच आहे. एकच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं. दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास. पहाटे दिल्लीत तीन तास अडकलं की दुपारी नागपूर, संध्याकाळी पुणे, रात्री गोवा, सगळीकडे उशीर. रात्री आठला पुण्यात आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं, आणि फलकावर "खराब हवामान". हवामान सकाळी खराब होतं, तेही दीड हजार किलोमीटरवर. त्यानंतरचा सगळा उशीर हा मध्ये जराही मोकळी जागा न ठेवता बनवलेल्या वेळापत्रकाचा. त्याला हवामान म्हणू नका.

हे सगळं वैयक्तिक रागातून लिहितोय का? थोडंफार हो. घरातल्या मंडळींना माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात मावशीला नागपूरहून पुण्याला यायचं होतं, धाकट्या भावाच्या दहाव्याला. वय ७२, मधुमेह, एकटी. आदल्या संध्याकाळचं विमान आधी दोन तास, मग चार तास, मग रात्री उशिरा रद्द. कारण तेच, पुण्यात खराब हवामान. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं विमान पुण्यात उतरलं, त्यातून आलेले आमचे शेजारी जेवून झोपलेसुद्धा. मावशी पोचली दुसऱ्या दिवशी दुपारी. घाटावरचं सगळं उरकून आम्ही घरी आलो होतो. आता तिचं विमान खरंच पावसामुळे रद्द झालं, की वैमानिकाची ड्यूटी संपली, की विमानच आलं नव्हतं? कोणालाही विचारा, उत्तर एकच. आणि ते तपासायची सोय तिला नाही, मला नाही, कोणालाच नाही. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

कारण त्या शब्दाला पैशांची किंमत आहे! डीजीसीएने २०१० साली प्रवाशांसाठी नियम केले, पुढे ते अनेकदा बदलले. त्यात वेळेवर न कळवता विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या वेळेनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं कमी असेल ते द्यायचं, असं आहे. पण उशीर किंवा रद्द होणं 'स्पष्टपणे' हवामानामुळे असेल तर भरपाई नाही. आता हे 'स्पष्टपणे' कोण ठरवणार? तर कंपनीच. म्हणजे आरोपीही तोच आणि न्यायाधीशही तोच.

डिसेंबर २०२५ मध्ये तर कहर झाला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम (आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास) जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालेले. तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची तयारी नव्हती आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. आणि सुरुवातीला दिलेल्या कारणांच्या यादीत काय होतं? तांत्रिक अडचणी, गर्दी, नवे नियम... आणि हो, प्रतिकूल हवामान! बिचारं हवामान. त्याला वकीलही देता येत नाही.

"मग करायचं काय, पाऊस थांबवायचा?" असं आमचे एक काका विचारतीलच. काका, पाऊस नाही थांबवायचा. कोकण रेल्वेकडे बघायचं. २००३ आणि २००४ च्या पावसाळ्यात त्या मार्गावर भीषण अपघात झाले, माणसं गेली. पावसाची काळजी घ्यायची म्हणून तिथे दर वर्षी पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, मुसळधार पावसात वेग ताशी ४० वर आणतात. मुंबई-मडगाव प्रवास लांबतो, पण तो लांबणार हे तिकीट काढतानाच कळतं. याला म्हणतात हवामानाचा आदर. दिल्लीच्या धुक्यासाठी आणि मुंबईच्या जुलैसाठी विमान कंपन्यांना हे का जमू नये? फेऱ्या कमी करा, मध्ये वेळ सोडा, पहाटेची उड्डाणं दुपारी न्या. तिकिटं कमी विकली जातील, एवढंच ना?

दुसरं, कारण लेखी द्या. कुठल्या विमानतळावर, किती वाजता, किती दृश्यता होती. ही नोंद प्रत्येक विमानतळावर होतच असते, ती जाहीर असते. पडताळणी कंपनीने नाही, डीजीसीएने करावी.

तिसरं, कारण काहीही असो, माणसाला पाणी, जेवण आणि टेकायला जागा मिळालीच पाहिजे. युरोपात २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने आठवडाभर विमानं बंद पाडली. पोर्तुगालमध्ये अडकलेल्या एका प्रवासी बाईंनी खाण्या-राहण्याचा खर्च मागितला, कंपनी म्हणाली हा तर ज्वालामुखी! २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की भरपाई भले देऊ नका, पण प्रवाशाची काळजी घेण्याची जबाबदारी ज्वालामुखीनेही संपत नाही. आपल्याकडे साध्या धुक्यालाही हा न्याय लागू का नसावा?

तोवर आपण आपल्यापुरतं एवढं करावं. हिवाळ्यात दिल्लीला पहाटेचं विमान घेऊ नये, दुपारचं बरं. पावसाळ्यात मुंबईहून सकाळचं घ्यावं, दिवसभराचा उशीर साचायच्या आत. आपलं विमान कुठून येणार आहे ते फोनवर बघावं. औषधं हातातल्या पिशवीत. आणि "खराब हवामान" ऐकलं की मान डोलावू नये. शांतपणे, आवाज न चढवता विचारावं, "कुठलं हवामान? किती वाजताचं? लिहून देता का?" नाही दिलं तर एअरसेवावर तक्रार टाकावी.

एकाने विचारलं तर हसतील. पन्नास जणांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागेल.

असो. बाहेर आभाळ भरून आलंय. पण त्याला मी काही बोलणार नाही, त्याने बिचाऱ्याने कधीच खोटं सांगितलेलं नाही.