डॉलरमधील पगार आणि भत्त्यांचा हिशेब

नागपूर हे नोकरदारांचे शहर आहे. महालेखाकारांचे कार्यालय, भारतीय खाण ब्यूरो, रेल्वेच्या कचेऱ्या यांत राबणाऱ्या माणसास भत्त्यांचे शास्त्र कोणी शिकवावयास नको. सातव्या वेतन आयोगाच्या वर्गवारीत मुंबई-पुणे वरच्या वर्गात गेले आणि नागपूर दुसऱ्या वर्गात राहिले. २०२४ साली महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचला, तेव्हा मुंबईतील केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला, तर त्याच श्रेणीतील नागपूरकराचा २० टक्के. यावर येथे पुष्कळ वाद झडतात. पण गावाप्रमाणे वेतन बदलते, हे तत्त्व कोणी नाकारीत नाही.

असा हा जाणता नोकरदार संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या पदाची जाहिरात पाहतो तेव्हा मात्र त्याचा हिशेब चुकतो. डॉलरचे रुपये करावयाचे, वर ‘करमुक्त’ हा शब्द वाचावयाचा आणि थक्क व्हावयाचे! वस्तुतः तो आकडा मुंबईच्या घरभाड्यासारखाच गावाशी बांधलेला असतो. व्यावसायिक श्रेणीतील मूळ वेतन जगभर एकच. त्यावर मिळणारे स्थान-समायोजन न्यूयॉर्क हे प्रमाण धरून ठरते. जिनिव्हात व दिल्लीत हाती पडणारे डॉलर निरनिराळे, त्यांची खरेदीशक्ती मात्र शक्यतो समान असावी, हा त्यामागील हेतू. हे गणित निर्विवाद आहे असे नव्हे. जिनिव्हातील समायोजन कमी केले गेले तेव्हा कर्मचारी न्यायाधिकरणात गेले आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्यायाधिकरणाने ती कपात रद्द ठरविली.

‘करमुक्त’ हेही अर्धसत्य आहे. प्रत्यक्ष करांचे अधिकारी घडविणारी राष्ट्रीय अकादमी ज्या शहरात आहे, तेथे तरी हे समजावयास हवे. १९४७ च्या भारतीय कायद्याने संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या वेतनास आयकरातून सूट दिली. परंतु संघटना स्वतःच ढोबळ वेतनातून कर्मचारी-आकारणी कापून घेते आणि ती रक्कम सदस्य-राष्ट्रांच्या खात्यांत जमा धरली जाते. अमेरिकेसारखे राष्ट्र आपल्या नागरिकांवर कर बसविते, तेव्हा त्याची भरपाई त्या राष्ट्राच्याच जमेतून होते. निवृत्तिवेतनासाठीही निवृत्तिवेतनपात्र वेतनाचे ७.९ टक्के कर्मचाऱ्याने द्यावयाचे असतात, १५.८ टक्के संघटनेने. मुलांचे शिक्षण, दोन वर्षांनी स्वदेशी रजा, खडतर ठिकाणचा भत्ता हे सारे घर सोडून परदेशी राहणाऱ्यासाठी आहे, आणि त्यात गैर काही नाही.

हेव्याचे कारण येथे नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. राष्ट्रसंघाच्या काळात, १९२१ साली, नोब्लमेअर समितीने ठरविले की आंतरराष्ट्रीय वेतन सर्वाधिक पगार देणाऱ्या राष्ट्राच्या नागरिकासही आकर्षक वाटावे. आजही तुलना अमेरिकी संघराज्याच्या सेवेशीच होते. याउलट १९४९ च्या फ्लेमिंग समितीचे तत्त्व स्थानिक भरतीसाठी आहे : त्या गावातील उत्तम मालक जे देतो, तेवढे द्यावे. त्यामुळे दिल्लीतील एकाच कार्यालयात, एकाच कार्यक्रमावर, शेजारी बसणाऱ्या दोन तज्ज्ञांची वेतने दोन जगांतील असतात. भारतीय अधिकाऱ्यास रुपयांत, स्थानिक प्रमाणाने. परदेशातून आलेल्यास डॉलरच्या प्रमाणाने. समान कामास समान वेतन हे सूत्र जगास सांगणाऱ्या संघटनेने याचे समर्थन ‘बाजार’ या एका शब्दावर सोडावे, हे तिला शोभत नाही. परदेशी बदलीचा त्रास भत्त्यांनी भरून द्यावा. बुद्धीचे मोल पारपत्रावरून ठरू नये.

त्यातही तिसरा वर्ग सर्वांत उपेक्षित आहे. विदर्भातील उमेदवाराच्या नजरेस पडणाऱ्या जाहिराती बहुधा सल्लागाराच्या वा सेवाकराराच्या असतात. करार काही महिन्यांचा, निवृत्तिवेतन निधीत नाव नाही, स्थान-समायोजन नाही. सल्लागार संघटनेचा कर्मचारी म्हणून गणला जात नसल्याने करसवलतही गृहीत धरता येत नाही. २०२५ पासून या संघटनांच्या तिजोऱ्यांत खडखडाट झाला आणि कपातीची कुऱ्हाड चालली. अशा वेळी मुदत संपलेला करार पुढे न वाढविणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. त्यासाठी सेवासमाप्तीची भरपाई द्यावी लागत नाही, आणि न्यायाधिकरणाचा दरवाजाही अशा माणसास सहसा उघडा नसतो.